ॲप बोलत नाही, हेल्पलाइन ऐकत नाही: सुगम्यतेची तक्रार तडीस कशी न्यावी

‘दिव्यांगांसाठी आपले ॲप सुलभ करावे, ही नम्र विनंती’ असं निवेदन दिलं की त्यावर आवक शिक्का बसतो, जमलं तर साहेबांसोबत फोटो निघतो आणि कागद फायलीत जातो. ‘पैसे पाठवताना रक्कम भरल्यानंतरच्या पडद्यावर अंकांच्या कळांना लेबल नाही, त्यामुळे टॉकबॅक वापरणाऱ्या ग्राहकाला पिन टाकता येत नाही. दुरुस्तीची तारीख लेखी कळवा’ असं लिहिलं, तर तोच कागद संगणक विभागाकडे पाठवावा लागतो. कारण त्यावर कुणीतरी ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक तारखेला’ असं उत्तर देऊ शकतो. (टॉकबॅक म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी फोनमधली सोय, आणि लेबल म्हणजे तिने वाचायचं बटणाचं नाव.)

हा लेख त्या दुसऱ्या प्रकारच्या कागदाबद्दल आहे. स्वतः अंध, अल्पदृष्टी किंवा कर्णबधिर असलेल्यांसाठी, हाताच्या हालचालींवर मर्यादा असलेल्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि संस्थेत काम करणाऱ्यांसाठी. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रात. त्यानंतर बँक, रेशन, परीक्षेचा अर्ज, दवाखान्याची वेळ, सगळं फोनवर गेलं. फोनवरचं दार बंद असेल तर खिडकीवर जाऊनही आता ‘ऑनलाइन करा’ असंच ऐकायला मिळतं.

आधी अडथळा नेमका पकडा

‘ॲप चालत नाही’ ही तक्रार नाही. कोणत्या कामात, कितव्या पडद्यावर, कशापाशी गाडी अडली हे सांगता आलं पाहिजे. म्हणून एकच काम निवडा (वीजबिल भरणं, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, एटीएम कार्ड बंद करणं) आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत करून बघा.

तुम्ही स्वतः स्क्रीन रीडर (टॉकबॅकसारखं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर हे वेगळं शिकवायला नको. डोळस कार्यकर्त्यांनी मात्र एकदा हात बसवून घ्यावा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. टॉकबॅक सुरू झाला की एका टॅपने गोष्ट फक्त वाचली जाते, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं, आणि बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट येते. सुरू करण्याआधी बंद कसा करायचा ते वाचून ठेवा, नाहीतर पहिला अर्धा तास त्यातच जातो.

आता पडदा न बघता ऐका. बरं ॲप म्हणेल, ‘पैसे पाठवा, बटन’. वाईट ॲप म्हणेल, ‘अनलेबल्ड, बटन’. पुढे सरका: ‘अनलेबल्ड, बटन’. पुन्हा सरका: ‘इमेज’. डोळ्यांना तिथे तीन सुबक चित्रं दिसतात, कानांना तीन सारखीच बंद दारं. पिनचा पडदा याहून अवघड. काही ॲप्स सुरक्षेच्या नावाखाली स्वतःचा कीपॅड काढतात, त्यात अंकांच्या जागा दर वेळी बदलतात आणि स्क्रीन रीडरला त्यातला एकही अंक सांगितलेला नसतो. बाकीचं ॲप कितीही चांगलं असो, काम इथे संपलं.

संगणकावर माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब कळीने फॉर्म भरा. तुम्ही कुठे आहात हे दाखवणारी चौकट दिसते का? जन्मतारखेचं कॅलेंडर हमखास अडकवतं. तारीख टाइप करता येत नाही, आणि चालू महिन्यापासून १९६८ पर्यंत मागे जायला माऊसच लागतो. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून पान २०० टक्के मोठं करा. मजकूर एकावर एक चढतो का, ‘सादर करा’ हे बटण पडद्याबाहेर जातं का, ते पाहा. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर विंडोजवर टाकून इन्सर्ट आणि एफ ७ दाबलं की पानावरच्या लिंकची यादी मिळते. कित्येक सरकारी पानांवर ती अशी वाचली जाते: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, नवीन, येथे क्लिक करा.

कर्णबधिर माणसाचा अडथळा पकडायचा तर फोन पूर्ण म्यूट करून तेच काम करा. ‘आमचा प्रतिनिधी आपल्याला कॉल करेल’ हे वाक्य कुठे येतं ते टिपा. कार्ड हरवलं तर ते बंद करायला फक्त टोल फ्री नंबरच आहे का? व्हिडिओ केवायसीत समोरचा माणूस तोंडी आकडे विचारतो, तेव्हा चॅटची सोय असते का? महापालिकेचा अतिवृष्टीचा इशारा आयुक्तांच्या व्हिडिओतून येतो, त्याखाली मथळे (बोललेलं लेखी दाखवणाऱ्या ओळी) असतात का? आपोआप बनलेले मथळे मराठीत गावांची नावं आणि आकडे चुकवतात, आणि इशाऱ्यात नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

हात थरथरणाऱ्या किंवा एकाच बोटाने फोन वापरणाऱ्या माणसासाठी वेळ मोजा. ओटीपी टाकायला किती सेकंद मिळतात? फॉर्म अर्धा भरल्यावर ‘सेशन संपले’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं का? व्हिडिओ केवायसीत मान स्थिर ठेवून हातात पॅन कार्ड धरा असं सांगतात. ज्याला ते शक्य नाही त्याला दुसरा मार्ग दिला आहे का?

गूगलचं ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर, क्रोममधलं लाइटहाउस, वेव्ह अशी मोफत साधनं आहेत. ती जरूर चालवा, पण त्यांच्या गुणांवर भिस्त ठेवू नका. बटणाला लेबल आहे एवढं साधन सांगतं. त्या लेबलात ‘बटन २३’ असं लिहिलंय आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही, हे माणूसच सांगू शकतो.

मराठीची वेगळी दुखणी

इंग्रजीतल्या चेकलिस्टमध्ये ही सापडत नाहीत, म्हणून ती आपणच लिहून द्यावी लागतात.

पहिलं दुखणं जुन्या फाँटचं. डीटीपीवर केलेली बरीच मराठी पत्रकं अजून युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना सारखीच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत) नसतात. डोळ्यांना अक्षर देवनागरी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा भरणा असतो, आणि स्क्रीन रीडर तोच कचरा वाचतो. तपासायला सोपं आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर ठीक. अगम्य चिन्हं उमटली तर तो पुरावा तसाच तक्रारीला जोडा. संगणक न कळणाऱ्या अधिकाऱ्यालाही तो एका नजरेत पटतो.

दुसरं, स्कॅन. मजकूर संगणकावर टाइप होतो, छापला जातो, त्यावर सही-शिक्का होतो आणि मग त्या कागदाचा फोटो पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढतो. बोटाने ओळ निवडता येत नसेल तर तो फोटो आहे. इथे मागणी साधी ठेवा: सहीची प्रत हवी तर राहू द्या, पण सोबत मूळ युनिकोड फाइलही चढवा. ती कार्यालयाच्या संगणकावर असतेच.

तिसरं दुखणं कोडमधल्या एका ओळीचं. पान मराठीत असलं तरी आत भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली असते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो आणि देवनागरी एकतर गाळतो किंवा भलतंच वाचतो. हिंदी नोंदवली असेल तर मराठी हिंदीच्या उच्चारांत ऐकावी लागते. ही दुरुस्ती काही मिनिटांची आहे, म्हणून ती मागणीत वर ठेवा. एक गोष्ट लगेच झाली की पुढच्या बोलण्याला वजन येतं.

आणि कॅप्चा, म्हणजे समोर यंत्र नाही, माणूसच आहे हे तपासणारी अक्षरं. पानाच्या डोक्यावर अक्षर लहानमोठं करायची बटणं आणि ‘स्क्रीन रीडर ॲक्सेस’ नावाची लिंक, खाली लॉगिनपाशी वाकड्या अक्षरांचं चित्र, ऐकायची सोय नाही किंवा असली तर फक्त इंग्रजीत. त्या लिंकमागच्या यादीत अजूनही विंडो-आइज या सॉफ्टवेअरचं नाव आढळतं, जे २०१७ मध्येच बंद झालं. यादी कधीपासून कुणी उघडली नाही, हे त्यावरून कळतं.

पुरावा

टॉकबॅकच्या आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग हा सर्वांत बोलका पुरावा. बँकांची बरीच ॲप्स रेकॉर्डिंग अडवतात आणि व्हिडिओत काळा पडदा येतो. अशा वेळी दुसऱ्या फोनने चित्रण करा. एक ते दोन मिनिटं पुरे. खाते क्रमांक, शिल्लक, ओटीपी, आधार क्रमांक दिसत किंवा ऐकू येत नाही ना, ते पाठवण्यापूर्वी दुसऱ्याकडून तपासून घ्या.

सोबत चार नोंदी हव्यात: तारीख-वेळ, ॲपची आवृत्ती, फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, आणि स्क्रीन रीडरचं नाव. यांतली एक जरी राहिली तरी ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे उत्तर येतं.

कायद्यातलं कामापुरतं

सगळा कायदा पाठ करायची गरज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातलं कलम ४० सुगम्यतेची मानकं ठरवण्याबद्दल, ४२ माहिती व संपर्क तंत्रज्ञानाबद्दल, तर ४६ सेवा देणाऱ्यांबद्दल आहे. ४६ मध्ये सरकारी आणि खासगी असे दोघेही येतात. नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत त्यांनी सेवा सुगम करायची होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत कधीच उलटली. दंड कलम ८९ मध्ये आहे: पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत, त्यापुढे ५० हजार ते ५ लाख.

मानक म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२. त्याचा पहिला भाग २०२१ चा, दुसरा २०२२ चा. मे २०२३ मध्ये ते याच कायद्याखालच्या नियमांपैकी नियम १५ मध्ये घेतलं गेलं. सरकारी संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ‘कोणत्या निकषाने सुगम म्हणायचं?’ असं विचारलं की ही दोन नावं पुढे करा.

आता दोन निकाल. राजीव रतुडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारसवजा ठेवणं कायद्याला धरून नाही. किमान निकष बंधनकारक हवेत. दुसरा निकाल ३० एप्रिल २०२५ चा, प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवरचा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना डोळ्यांची उघडझाप करून ‘जिवंत असल्याचा’ पुरावा देता येत नाही, अंध व्यक्तीला सेल्फी चौकटीत बसवता येत नाही, म्हणून केवायसी अडते, असा तो प्रश्न होता. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि २० निर्देश दिले. त्यांत सुगम्यतेसाठी नोडल अधिकारी (त्या कामाची जबाबदारी असलेला ठरावीक अधिकारी) नेमणं, ठरावीक काळाने तपासणी करून घेणं, उघडझापेला पर्याय देणं आणि ॲप बाहेर काढण्यापूर्वीच्या चाचणीत अंध व्यक्तींना घेणं, हे सगळं आहे.

माझ्या मते तक्रारीत हाच निकाल सर्वांत आधी यावा. कलमांच्या यादीपेक्षा ‘आपला नोडल अधिकारी कोण, त्यांचं नाव कळवा’ हा एक प्रश्न जास्त काम करतो.

पहिलं पत्र

एका पानात बसलं पाहिजे. शाखा किंवा तालुका कार्यालयाच्या नावे लिहा, आणि प्रत तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेलने द्या. नमुना असा:

> विषय: मोबाइल ॲपमधून पैसे पाठवता न येणे – सुगम्यतेचा अडथळा
>
> महोदय/महोदया,
>
> मी आपल्या बँकेची बचत खातेदार असून पूर्ण अंध आहे. मी फोन टॉकबॅकच्या साहाय्याने वापरते. दि. ____ रोजी सकाळी ____ वाजता ॲपच्या ____ या आवृत्तीत पैसे पाठवताना, रक्कम भरल्यानंतरच्या पडद्यावरील अंकांच्या कळा टॉकबॅक वाचत नसल्याने मला पिन टाकता आला नाही व व्यवहार अपूर्ण राहिला. डोळस ग्राहकास हीच पायरी काही सेकंदांत पूर्ण करता येते. रेकॉर्डिंग सोबत जोडले आहे.
>
> दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४६, नियम १५ व आयएस १७८०२ आणि मा. सर्वोच्च न्यायालयाचा दि. ३० एप्रिल २०२५ चा निकाल यांनुसार माझी मागणी आहे की:
>
> १. सदर पडद्यावरील सर्व कळांना योग्य लेबल द्यावे व दुरुस्तीची तारीख १५ दिवसांत लेखी कळवावी.
>
> २. दुरुस्ती होईपर्यंत मला स्वतःचा व्यवहार स्वतः करता येईल अशी पर्यायी सोय द्यावी.
>
> ३. सुगम्यतेसाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याचे नाव व ई-मेल आणि ॲपच्या शेवटच्या सुगम्यता तपासणीची तारीख कळवावी.

दुसरी मागणी गाळू नका. ॲप दुरुस्त व्हायला महिने लागतात, वीजबिलाची तारीख तर दर महिन्याला येते.

पत्रात वैद्यकीय इतिहास, घरची परिस्थिती, ‘आम्हीही माणसं आहोत’ यांतलं काही नको. वाचणाऱ्याला वाईट वाटेल, पण त्याने बटणाला लेबल लागत नाही. दिव्यांगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रतही पहिल्याच पत्राला जोडायची गरज नसते, मागितल्यावर द्या.

भारतीय सांकेतिक भाषा हीच ज्यांची पहिली भाषा आहे, अशा कर्णबधिर तक्रारदारांना कार्यालयीन मराठी जड जाऊ शकते. त्यांनी आपलं म्हणणं खुणांच्या व्हिडिओत मांडावं, मदतनिसाने खाली मराठी मजकूर लिहावा आणि दोन्ही एकत्र पाठवावं. मदतनिसाने आपल्या मनाची भर घालू नये. तक्रार ज्याची, मागणी त्याची.

तोंडी बोलणं झालंच तर त्याच संध्याकाळी ई-मेल करा: ‘आज आपल्याशी झालेल्या बोलण्यात आपण असं सांगितलंत…’ पोच, तक्रार क्रमांक, समोरच्याचं पद, सगळं एका वहीत.

ठरलेली उत्तरं आणि त्यांना उत्तरं

‘घरातल्या कुणाला तरी पिन टाकायला सांगा.’ हे सर्रास सांगितलं जातं. हीच बँक ‘आपला पिन कोणालाही सांगू नका’ असा एसएमएस पाठवत असते. तो एसएमएस पत्राला जोडा आणि विचारा की यांतली कोणती सूचना पाळायची. उद्या त्या पिनमुळे फसवणूक झाली तर जबाबदार कोण, हेही लेखी मागा. या प्रश्नाला लेखी उत्तर द्यायला कुणी धजावत नाही आणि प्रकरण वर सरकतं.

‘शाखेत या, आम्ही करून देतो.’ पर्यायी सोय म्हणून स्वीकारा, तोडगा म्हणून नको. बाकीच्यांना रात्री ११ वाजता घरबसल्या जे मिळतं, ते तुम्हाला सुट्टीचे दिवस टाळून शाखेच्या वेळेत मिळणार असेल तर ती समान सेवा नव्हे.

‘सुरक्षेमुळे कीपॅड वाचू देत नाही.’ तुमच्याच फोनवर पिन टाकू देणारी दुसरी ॲप्स असतील तर त्यांचं रेकॉर्डिंग द्या. कानात इअरफोन घालून पिन टाकणारा अंध ग्राहक खांद्यावरून डोकावणाऱ्यांपासून काही कमी सुरक्षित नसतो.

‘आम्ही ॲक्सेसिबिलिटीचं विजेट बसवलंय.’ पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र, त्यावर दाबलं की रंग बदला, अक्षर मोठं करा, मजकूर ऐका. अंध माणसाच्या फोनमध्ये हे सगळं आधीच असतं. त्याला हवं आहे ते लेबल लावलेलं बटण. रंगरंगोटी केलेल्या इमारतीला जिना तसाच राहावा, तसा हा प्रकार. नम्रपणे लिहा: विजेट सुरू करूनही पिनचा पडदा वाचला जात नाही, सोबत रेकॉर्डिंग.

‘पुढच्या अपडेटमध्ये होईल.’ कोणत्या आवृत्तीत, कोणत्या तारखेला?

‘अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच.’ कायद्यात तक्रारदारांची किमान संख्या दिलेली नाही. तरीही हे ऐकू आलं की आठवडाभरात वेगवेगळ्या फोनवरून, वेगवेगळ्या गावांतून त्याच पडद्याच्या आणखी काही तक्रारी जाऊ द्या. मात्र एकच मजकूर सगळ्यांनी चिकटवू नका. प्रत्येकाने आपली तारीख, आपला फोन, आपलं रेकॉर्डिंग द्यावं.

वरच्या पायऱ्या

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. राज्य सरकारच्या सेवांसाठी आपले सरकारची तक्रार निवारण सोय आहे, केंद्राच्या खात्यांसाठी सीपीग्राम्स हे तक्रारीचं पोर्टल. केंद्राचं सुगम्य भारत ॲपही आहे. तिथे फोटोसह तक्रार टाकता येते. मला तो मुख्य रस्ता वाटत नाही, पण नोंद होते. तक्रारीचं पोर्टलच स्क्रीन रीडरला दाद देत नसेल तर ई-मेल आणि स्पीड पोस्टने पाठवा आणि त्या पोर्टलची वेगळी तक्रार करा.

सरकारी कार्यालय असेल तर माहितीचा अधिकार हे फार उपयोगी हत्यार आहे. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील. ‘ॲप सुगम का नाही?’ असं विचारू नका, कारण ‘का’ विचारलं की ‘ही माहिती या व्याख्येत येत नाही’ असं उत्तर येतं. कागद मागा: शेवटच्या सुगम्यता तपासणीच्या अहवालाची प्रत, संकेतस्थळ बनवणाऱ्या कंपनीशी झालेल्या कराराची प्रत, त्या करारातल्या सुगम्यतेच्या अटी, देखभालीचं कंत्राट कधी संपतं ती तारीख. उत्तरात ‘निरंक’ आलं तर तेच पुढच्या तक्रारीचं पहिलं परिशिष्ट.

यानंतर दिव्यांगांसाठीचे आयुक्त. राज्य सरकारची खाती, महापालिका, जिल्हा परिषदा, राज्यातली विद्यापीठं यांच्याविरुद्ध राज्य आयुक्तांकडे जायचं. महाराष्ट्रात हे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, गोव्यात राज्य दिव्यांगजन आयुक्त आहेत. रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका, केंद्राची मंडळं, देशभर पसरलेल्या कंपन्या यांच्यासाठी दिल्लीतले मुख्य आयुक्त. वकील लागत नाही. अर्जात तुमचं आणि समोरच्याचं नाव-पत्ता, घडलेला प्रकार, कागदपत्रं आणि नेमकी मागणी द्या. मुख्य आयुक्तांकडच्या तक्रारीत समोरच्याला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि वाढवून फार तर आणखी १५ दिवस मिळतात. आयुक्तांनी शिफारस केली की तीन महिन्यांत काय कारवाई केली हे कळवावं लागतं. शिफारस मानायची नसेल तर तेही कारणं देऊन सांगावं लागतं.

शिफारस म्हणजे हुकूमनामा नव्हे, हे खरं. म्हणून काहीजण या दाराला कमी लेखतात, पण ते बरोबर नाही. वैद्यकीय सेवेच्या एका खासगी ॲपविरुद्ध अंध वकील राहुल बजाज यांनी केलेल्या तक्रारीवर २०२२ मध्ये मुख्य आयुक्तांनी खासगी कंपनीलाही सुगम्यतेचं बंधन आहे, असं स्पष्ट केलं. २०२५ मध्ये सुगम्यता तपासणीत कुचराई केल्याबद्दल १५५ आस्थापनांना प्रत्येकी १०,००० रुपये दंड झाला. रक्कम मोठ्या कंपनीला चहापाण्याची, पण दंडाची नोंद संचालक मंडळापुढे जाते.

त्यानेही न भागलं तर उच्च न्यायालय. खर्चाची धास्ती असेल तर हे लक्षात ठेवा: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करायचा.

निविदेच्या आधी गाठा

हे काम कंटाळवाणं आहे, पण फळ सर्वांत मोठं देतं. महापालिकेचं ॲप तयार झाल्यावर तक्रार केली की अधिकारी म्हणतो, ‘कंपनी जादा पैसे मागतेय.’ आणि ते खोटं नसतं. करारात सुगम्यता नव्हतीच. म्हणून नव्या ॲपची किंवा संकेतस्थळाची निविदा निघणार असं वर्तमानपत्रात किंवा सभेच्या इतिवृत्तात दिसलं की लगेच महापालिका आयुक्तांना पत्र द्या. अटी तीनच पुरतात: काम आयएस १७८०२ प्रमाणे असावं, शेवटचं बिल निघण्यापूर्वी अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तींकडून मराठीत चाचणी व्हावी, देखभालीच्या काळात सापडलेले सुगम्यतेचे दोष विनामूल्य दुरुस्त व्हावेत. बिल अडेल म्हटल्यावर कंत्राटदाराला लेबलं लावायला वेळ मिळतो. तुमच्या नगरसेवकाला हेच तीन मुद्दे छापून द्या, त्याला सभेत वाचायला सोपे जातात.

चाचणीला बोलावलं तर मानधन मागा. तपासणीचे पैसे मोठ्या संस्थेला आणि तपासणाऱ्या अंध मुलीला चहा-बिस्किट, हे चालवून घेऊ नका.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींचा इथे एक खरा उपयोग आहे. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून बँकसेवा, ऑनलाइन खरेदी अशा सेवांना सुगम्यतेचा कायदा लागू झाला. एखादी कंपनी तिकडेही सेवा देत असेल तर जर्मनीतल्या भाच्याला तिचं तिकडचं ॲप टॉकबॅकवर चालवून रेकॉर्डिंग पाठवायला सांगा. तिथे जमतं आणि इथे जमत नाही, याला तांत्रिक कारण उरत नाही.

दुरुस्ती झाल्यावर

‘दुरुस्त झाले’ असा ई-मेल आला की लगेच तक्रार बंद करायला होकार देऊ नका. तोच फोन, तेच काम, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग दुसऱ्या कुणाकडून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर. झालं असेल तर तसं लेखी कळवा आणि ज्या माणसाने काम केलं त्याचं पद घालून आभार माना. संगणक विभागातला तो एक ओळखीचा माणूस पुढच्या वेळी दहा पत्रं वाचवतो. प्ले स्टोअरवर परीक्षण लिहायचं तर तेही नेमकं लिहा: कोणत्या आवृत्तीत काय चालायला लागलं. इतर स्क्रीन रीडर वापरणारे ते वाचून ॲप टाकायचं की नाही हे ठरवतात.

सुधारलेलं ॲप पुढच्या अपडेटला पुन्हा मोडतं, हे नेहमीचं आहे. नवा डिझायनर येतो, पडदा नव्याने बनतो, लेबलं उडतात. म्हणून आपल्या गटात कामं वाटून घ्या: एकाकडे बँक, एकाकडे वीजबिल, एकाकडे एसटीचं आरक्षण. प्रत्येकाने आपल्या ॲपचं मोठं अपडेट आलं की ठरलेलं एक काम करून बघायचं आणि मोडलं असेल तर जुनाच तक्रार क्रमांक घालून त्याच दिवशी ई-मेल करायचा. शाखेला नको, थेट नोडल अधिकाऱ्याला.